चतुर्थक, दशमक, शतमक: मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

सीईटीचा निकाल लागला की पालक विचारतात, पावसाचा अंदाज आला की शेतकरी विचारतात, घटक चाचणी जवळ आली की अकरावीची मुलं विचारतात. विषय तिघांचाही एकच असतो: आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि त्या रांगेचे समान भाग पाडायचे. तेच प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. जिथे ‘समजा’ लिहिलं आहे तिथले आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत.

१. समान भाग म्हणतात, पण त्यात समान असतं तरी काय?

नोंदींची संख्या. आकड्यांमधलं अंतर समान नसतं, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

समजा, एका गावातल्या ११ शेतकऱ्यांचा सोयाबीनचा एकरी उतारा क्विंटलमध्ये असा आहे: ३, ४, ४.५, ५, ६, ६.५, ७, ८, ८.५, १०, १६. रांग आधीच चढत्या क्रमाने लावलेली आहे. तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या शेतकऱ्यापाशी रेघ मारली तर रेघांच्या मध्ये दोन-दोन शेतकरी उरतात. या तीन रेघांवरचे आकडे, म्हणजे ४.५, ६.५ आणि ८.५, हे पहिला, दुसरा आणि तिसरा चतुर्थक. तळच्या गटात ३ आणि ४ आहेत, त्यांच्यात एका क्विंटलचा फरक. वरच्या गटात १० आणि १६, म्हणजे सहा क्विंटलचा फरक. माणसं दोन्हीकडे दोनच. हे उदाहरण पुढे पुन्हा लागेल.

२. गट चार, मग चतुर्थक तीनच कसे?

चार तुकडे करायला तीन काप पुरतात. रांगेचे दहा भाग पाडणारे दशमक ९ आणि शंभर भाग पाडणारे शतमक ९९ असतात ते त्याच कारणाने. दुसरा चतुर्थक, पाचवा दशमक आणि पन्नासावा शतमक हा एकच आकडा आहे; दहावीत त्याला मध्यक म्हटलं होतं. बोलताना ‘तो खालच्या चतुर्थकात आहे’ असं म्हणतात तेव्हा गट अभिप्रेत असतो, आणि ‘पहिला चतुर्थक ४.५ आहे’ म्हणतात तेव्हा रेघ. दोन्ही चालतं. लिहिताना मात्र आपण कशाबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करावं.

३. सरासरी आहे की! हा खटाटोप कशाला?

वरच्या ११ जणांची सरासरी ७.१४ क्विंटल येते. ११ पैकी ७ शेतकरी या सरासरीच्या खाली आहेत. एकट्या १६ क्विंटलवाल्याने सरासरी वर ओढली. त्याचा उतारा १६ ऐवजी २० असता तरी तिन्ही चतुर्थक जागचे हलले नसते.

मोंढ्यातल्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. पावसात भिजलेला एखादा ढीग आला की किमान दर कोसळतो, बियाण्याच्या तोडीचा माल आला की कमाल दर चढतो, आणि बाकी शंभर ढीग कसे गेले ते या दोन्हींतून कळत नाही. त्या फळ्यावर पहिला आणि तिसरा चतुर्थकही लिहिला जावा असं मला मनापासून वाटतं. ‘मधल्या निम्म्या मालाला अमुक ते अमुक भाव मिळाला’ हे एक वाक्य वाहन भरायच्या आधी शेतकऱ्याला कळलं तर त्याचा अंदाज पक्का होतो.

४. सर, सूत्रात एकूण संख्या घ्यायची की त्यात एक मिळवायचा?

अकरावीच्या अर्थशास्त्रातल्या ‘विभाजन मूल्ये’ या प्रकरणावरचा हा नेहमीचा प्रश्न. नोंदी सुट्या असतील (वैयक्तिक किंवा खंडित श्रेणी) तर एकूण संख्येत एक मिळवून ४, १० किंवा १०० ने भागा. वर्गांतरं असतील (अखंडित श्रेणी) तर एक मिळवू नका.

समजा १२० खातेदारांची जमीन अशी आहे: ० ते १ हेक्टर ४२ जण, १ ते २ हेक्टर ४० जण, २ ते ४ हेक्टर २६ जण, ४ ते १० हेक्टर १२ जण. तिसऱ्या चतुर्थकासाठी १२० चे तीन चतुर्थांश म्हणजे ९० वा माणूस शोधायचा. पहिल्या दोन वर्गांत ८२ जण संपले, म्हणून तो २ ते ४ च्या वर्गात, आठव्या जागी. वर्गाची रुंदी २, त्यातली माणसं २६. तेव्हा २ + (२ ÷ २६) × ८ = सुमारे २.६२ हेक्टर. वर्गातली माणसं सारख्या अंतराने पसरली आहेत असं यात गृहीत धरलेलं असतं. शेवटचा वर्ग ‘४ हेक्टरपेक्षा जास्त’ असा उघडा असला तरी आपला चतुर्थक त्यात पडत नसेल तर काही अडत नाही. सरासरी काढायची असती तर अडलं असतं.

५. हाताने एक उत्तर, एक्सेलमध्ये दुसरं, पुस्तकात तिसरं. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. प्रश्न १ मधल्या शेतकऱ्यांत ५.५ क्विंटलवाला बारावा शेतकरी आणा. रांग होते ३, ४, ४.५, ५, ५.५, ६, ६.५, ७, ८, ८.५, १०, १६. आता पहिला चतुर्थक:

आपल्या सूत्राने १३ ÷ ४ = ३.२५ वी जागा, म्हणजे ४.५ आणि ५ यांच्यामधलं पाव अंतर: ४.६२५. एक्सेलचं ‘क्वार्टाइल डॉट ईएक्ससी’ हेच देतं. खालच्या सहा जणांचा मध्यक घ्यायची पद्धत ४.७५ देते. एक्सेलचं जुनं ‘क्वार्टाइल’ आणि नवं ‘क्वार्टाइल डॉट आयएनसी’ ४.८७५ देतं, कारण ते जागा मोजताना संख्येतून एक वजा करतं.

रॉब हाइंडमन आणि यानान फॅन या संख्याशास्त्रज्ञांनी १९९६ साली संगणक प्रणालींमधल्या अशा नऊ पद्धती एकत्र मांडल्या. ‘आर’ या प्रणालीत त्या नऊही मिळतात आणि काही सांगितलं नाही तर ती सातवी वापरते. नोंदी हजारांत असतील तर फरक दिसतही नाही. बारा असतील तर दिसतो. परीक्षेत पाठ्यपुस्तकाची पद्धत, अहवालात कुठलीही एक, पण तिचं नाव लिहून आणि सगळीकडे तीच.

६. मुलीला सीईटीत ९२ पर्सेंटाइल पडले. म्हणजे शंभरपैकी ९२ मार्क का?

नाही. पर्सेंटाइल हे शतमकाचंच इंग्रजी नाव. तिच्या सत्रात परीक्षा दिलेल्या दर शंभरांतल्या ९२ जणांना तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण पडले, एवढंच ते सांगतं. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, म्हणून आधी सत्रातल्या सत्रात रांग लावतात. तिच्याइतके किंवा कमी गुण असलेल्यांची संख्या भागिले सत्रातले एकूण परीक्षार्थी, गुणिले शंभर. जेईई मेनमध्येही हीच रीत आहे. उत्तर दशांश चिन्हानंतर सात अंकांपर्यंत काढतात, म्हणजे बरोबरीचे कमी होतात.

गुणवत्ता क्रमांकाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. समजा त्या गटात ३ लाख मुलं बसली, तर ९२ च्या पुढे ८ टक्के, म्हणजे सुमारे २४,००० मुलं आहेत.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. रांगेच्या मध्यभागी गर्दी असते, तिथे पाच-सात गुण वाढले की पर्सेंटाइल झपकन चढतं. वरच्या टोकाला गर्दी विरळ असते, तिथे ९९ वरून ९९.५ ला जायला पुष्कळ गुण लागतात. ‘सराव परीक्षेत ६० चे ७० झाले, आता महिन्याभरात ९५ चे ९९ होतील’ हा हिशेब म्हणूनच बसत नाही. त्यावरून मुलांना बोल लावू नका.

७. शंभर पर्सेंटाइलवाले इतके जण कसे? आणि शून्य पर्सेंटाइलवर प्रवेश म्हणजे काय प्रकार?

सूत्रात ‘तुमच्याइतके किंवा कमी’ म्हटलं आहे, म्हणजे तुम्ही स्वतःही मोजले जाता. त्यामुळे प्रत्येक सत्रात पहिल्या आलेल्याला शंभर मिळतात आणि जितकी सत्रं तितके तरी शंभरवाले निघतात. ‘तुमच्यापेक्षा कमी’ एवढंच मोजणारी व्याख्याही वापरात आहे. तिच्यात कुणालाच पूर्ण शंभर मिळत नाहीत.

शून्याचा किस्सा २०२३ च्या नीट-पीजीचा. पदव्युत्तर वैद्यकीय जागा रिकाम्या राहात होत्या म्हणून पात्रतेची रेघ सगळ्या प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. रांगेच्या तळाशीच रेघ मारली, म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण समुपदेशनाला पात्र. शून्य गुण मिळणं आणि शून्य पर्सेंटाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेहमीची रेघ सर्वसाधारण प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल असते, आणि तिच्याहीबद्दल ‘निम्मे गुण लागतात’ असा गैरसमज गावोगाव आहे.

८. पीसीएममध्ये ८८ आणि पीसीबीत ९१ आले. म्हणजे जीवशास्त्रात ती जास्त हुशार ना?

यावरून सांगता येत नाही. दोन्ही गटांच्या रांगा वेगळ्या आहेत, त्यात उभी असलेली मुलं वेगळी आहेत. लातूरला नीटची तयारी करणारी आणि नांदेडला अभियांत्रिकीची तयारी करणारी मुलं एका रांगेत लागत नाहीत. शतमक ज्या रांगेतून काढला त्या रांगेपुरताच बोलतो.

९. एनआयटीसाठी ‘टॉप २० पर्सेंटाइल’ असतं म्हणे. मुलाचे बारावीला ७३ टक्के आहेत, गेलं का?

गेलं असं समजू नका. अट ‘बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये’ अशी आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी ६५ टक्के. वरचे २० म्हणजे ८० व्या शतमकाची रेघ किंवा त्याच्या वर. ती रेघ किती गुणांवर पडते ते दर वर्षी, दर मंडळाचं वेगळं असतं. तो आकडा बघूनच ठरवा.

१०. हवामान खातं म्हणालं, मराठवाड्यात सरासरीपेक्षा जास्त पावसाची शक्यता ४५ टक्के. मग ५५ टक्के तर दुष्काळाचीच झाली!

नाही, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पेरणीचे निर्णय यावर घेतले जातात.

हंगामी अंदाजाचे रंगीत नकाशे तीन समान गटांवर उभे असतात. मागच्या अनेक वर्षांचा पाऊस चढत्या क्रमाने लावायचा आणि रांगेचे तीन भाग करायचे: कमी, सामान्य, जास्त. पुढचं काहीच माहीत नसेल तर प्रत्येक गटाची शक्यता ३३.३३ टक्के. ४५ टक्के म्हणजे नेहमीच्या ३३ पेक्षा पारडं जास्त पावसाकडे झुकलं आहे. उरलेले ५५ सामान्य आणि कमी या दोन गटांत वाटले जातात. कदाचित ३३ आणि २२ असे. अंदाजाचा आकडा दिसला की तो ५० शी ताडू नका, ३३ शी ताडा.

आता गुंता. ‘सामान्य’ हा शब्द हवामान खातं तीन ठिकाणी तीन मापांनी वापरतं. नकाशात तो मधला तिसरा भाग असतो. देशाच्या एकूण मोसमी पावसासाठी दीर्घकालीन सरासरीच्या (१९७१ ते २०२० वरून ८७ सेंटिमीटर) ९६ ते १०४ टक्के. आणि जिल्ह्याच्या साप्ताहिक तक्त्यात सरासरीपासून १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त. यातलं पहिलंच माप समान गटांचं आहे, बाकी दोन ठरवलेल्या टक्क्यांचे पट्टे. बातमी वाचताना कुठलं माप आहे ते आधी बघा.

ऑस्ट्रेलियात दुष्काळ ओळखायला दशमकच वापरतात. गिब्स आणि माहेर यांनी १९६७ साली ती पद्धत मांडली. पाऊस सर्वांत खालच्या दशमांशात असेल तर तो गंभीर तुटीचा. कोरडवाहू भागाला ही पद्धत चांगली लागू पडते, कारण एक-दोन अतिवृष्टीच्या वर्षांनी सरासरी फुगली तरी दशमक फसत नाही.

११. आमच्या प्रकल्पाच्या अहवालात ‘७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा’ लिहिलंय. मग चारपैकी तीन वर्षं पाणी यायलाच पाहिजे ना?

विश्वासार्हता उलट्या टोकाकडून मोजतात. जलसंपदा खात्यात वर्षांचा येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, उतरत्या क्रमाने लावतात, सर्वांत जास्त पाण्याचं वर्ष वर. ३९ वर्षांच्या नोंदी असतील तर वरून तिसावं वर्ष घेतात, कारण ३० ÷ (३९ + १) = ७५ टक्के. तेच वर्ष खालून मोजलं तर दहावं येतं, आणि प्रश्न ४ च्या सूत्राने (३९ + १) ÷ ४ = १०, म्हणजे पहिला चतुर्थक. ‘७५ टक्के विश्वासार्ह’ आणि ‘पंचविसावा शतमक’ ही एकाच आकड्याची दोन नावं आहेत. अभियंता ७५ म्हणतो, सांख्यिकीवाला २५ म्हणतो, आणि बैठकीत दोघं एकमेकांना चूक ठरवतात.

विश्वासार्हता कमी धरली की पाण्याचा आकडा मोठा होतो. कृष्णेच्या पहिल्या लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, ७५ टक्के विश्वासार्हतेने २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरून तीन राज्यांत वाटलं. दुसऱ्या लवादाने ६५ टक्क्यांची रेघ घेतली तेव्हा वाटायला जास्त पाणी दिसू लागलं. नदी तीच होती; नोंदींची रांग लांबली होती आणि रेघ सरकली होती. धाराशिव आणि आष्टीकडच्या लोकांनी कृष्णा-मराठवाडा योजनेच्या चर्चेत कुठलाही टीएमसीचा आकडा ऐकला की आधी विचारावं: हा किती टक्के विश्वासार्हतेचा?

आता तुमचा मूळ प्रश्न. चारपैकी तीन वर्षं हा पूर्ण रांगेचा हिशेब आहे, वेळापत्रक नाही. तुटीचं वर्ष दर चौथ्या वर्षी हजेरी लावत नाही, ती वर्षं लागोपाठही येतात. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ अशी पाठोपाठ गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. रांग लावताना वर्षांचा मूळ क्रम पुसला जातो, आणि आपल्याला पोळतो तो नेमका क्रम. सलग दोन वर्षांच्या येव्याची बेरीज घेऊन त्या बेरजांचे चतुर्थक काढले तर धरणाच्या पुढच्या वर्षाच्या शिल्लक साठ्याचं चित्र जास्त खरं दिसतं. लहान पाणीपुरवठा योजनांनीही हे करायला हवं.

दुसरी अडचण जुन्या नोंदींची. वरच्या अंगाला धरणं झाली की खालच्या धरणाचा येवा बदलतो. जायकवाडीच्या वर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत पाणी अडवलं जातं. त्या आधीच्या वर्षांची रांग लावून आजचा पंचविसावा शतमक काढला तर तो आजचा राहात नाही.

१२. अतिवृष्टीचे ६५ मिलिमीटर, माती परीक्षणातलं ‘कमी-मध्यम-भरपूर’, अल्पभूधारक: हे पण असेच समान गट का?

नाही, हे ठरवून घातलेले उंबरठे आहेत. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी म्हणजे कमी, ५६० च्या वर म्हणजे जास्त. एक हेक्टरच्या आतला अत्यल्प, एक ते दोनचा अल्प भूधारक. या गटांत किती जण पडतील यावर काही बंधन नाही. एखाद्या गावाच्या सगळ्याच मातीत नत्र ‘कमी’ निघू शकतं. समान गट केले असते तर त्या गावातही काहींना ‘भरपूर’चं प्रमाणपत्र मिळालं असतं, आणि खताची मात्रा चुकली असती. जिथे पिकाची, शरीराची किंवा कायद्याची स्वतःची गरज ठरलेली आहे तिथे उंबरठाच वापरावा.

पीक विम्याचं उंबरठा उत्पन्न तिसऱ्याच प्रकारचं आहे. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन त्यांची सरासरी काढतात आणि तिला जोखीम स्तराने (उत्पन्नाचा जेवढा टक्का विम्यात धरला आहे त्याने) गुणतात. रांग लावून तळची दोन वर्षं गाळायची, मग सरासरी. रांग आणि सरासरी यांची ही जोडी आहे.

१३. अंगणवाडीत ताई म्हणतात बाळ हिरव्या पट्ट्यात आहे, डॉक्टर म्हणतात पंधराव्या पर्सेंटाइलवर. मग काळजी करायची का?

दोघंही बरोबर आहेत. पंधरावा शतमक म्हणजे त्याच वयाच्या शंभर निरोगी बाळांत सुमारे पंधरा याच्यापेक्षा हलकी आणि पंच्याऐंशी जड. परीक्षेसारखी इथे ३५ ची पास-रेघ नाही. अंगणवाडीचे पट्टे प्रमाण विचलनावर (आकडे मध्यापासून किती पसरले आहेत त्याच्या मापावर) आखलेले असतात: उणे दोनच्या खाली कमी वजन, उणे तीनच्या खाली तीव्र कमी वजन. शतमकांत सांगायचं तर उणे दोन म्हणजे साधारण २.३ वा शतमक, आणि उणे तीन म्हणजे हजारात एखादं-दुसरं बाळ.

एका दिवसाच्या आकड्यापेक्षा रेघेची दिशा बघा. जन्मापासून पंधराव्याच्या आसपास चालणारं बाळ बहुधा त्याच्या चणीचं असतं. साठाव्यावरून तीन-चार महिन्यांत पंधराव्यावर उतरलेलं बाळ हिरव्या पट्ट्यात असलं तरी लगेच दाखवायला न्या.

‘आमच्या गावात दर शंभरांत वीस-पंचवीस बाळं तिसऱ्या शतमकाच्या खाली कशी?’ असंही आशाताई विचारतात. कारण रांग आपल्या गावाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची प्रमाणकं भारतासह सहा देशांतल्या, नीट पोषण मिळालेल्या बाळांवरून बांधली आहेत. त्या रांगेत तिसऱ्या रेघेखाली तीनच बाळं होती. आपल्या गावात वीस निघतात ही कुपोषणाची नोंद आहे, आलेखाची चूक नव्हे. गावातल्याच बाळांची रांग लावून चतुर्थक काढले असते तर कुपोषण दिसलंच नसतं.

१४. रक्ताच्या रिपोर्टवर एक आकडा ठळक छापून आलाय. घाबरायचं का?

डॉक्टरांना दाखवा, पण हेही माहीत असू द्या: पुष्कळ तपासण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी लोकांच्या रांगेतल्या २.५ ते ९७.५ शतमकांची असते. म्हणजे धडधाकट माणसांतही वीसपैकी एकाचा आकडा मर्यादेबाहेर पडणार हे व्याख्येतच आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या तर किमान एक ठळक निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के येते. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी मात्र वेगळी. तिची ६.५ ची रेघ आजाराच्या धोक्यावरून ठरवली आहे, ती प्रश्न १२ मधल्या उंबरठ्यांच्या जातीची.

१५. शेती, परीक्षा, दवाखाना सोडून आणखी कुठे वापरतात?

रस्त्यावर वेगमर्यादा ठरवताना ८५ वा शतमक बघतात: शंभरांतली ८५ वाहनं ज्या वेगाच्या आत धावतात तो वेग. हवेच्या प्रदूषणाचं २४ तासांचं भारतीय मानक वर्षातल्या ९८ टक्के वेळी पाळलं जावं लागतं, म्हणजे ९८ वा शतमक मर्यादेत हवा. शिवाय मर्यादा ओलांडणारे दिवस सलग दोन असू नयेत अशीही अट आहे. प्रश्न ११ मधली क्रमाची अडचण इथे नियम करणाऱ्यांनी ओळखलेली दिसते.

१६. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ‘सर्वांत गरीब पंचमांश’ म्हणतात. मग आमच्या जिल्ह्यातले २० टक्के लोक त्यात धरायचे का?

धरू नका. त्या पाहणीत घर, पाणी, शौचालय, वाहन, टीव्ही अशा वस्तूंवरून प्रत्येक कुटुंबाला गुण देतात, देशभराची एक रांग लावतात आणि लोकसंख्येचे पाच समान भाग करतात. २०-२० टक्के असतात ते देशात. एखाद्या राज्यात किंवा जिल्ह्यात सर्वांत खालच्या भागात पाच टक्के असतील, नाहीतर चाळीस. त्यात उत्पन्न विचारलेलं नसतं हेही विसरू नका.

१७. सरकारी खर्च पाहणीत गट ५-५-१०-१० असे असमान का?

मुद्दाम. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत बारा गट आहेत: तळचे पाच टक्के, पुढचे पाच, मग दहा-दहा, आणि शेवटी पुन्हा पाच-पाच. टोकांना परिस्थिती झपाट्याने बदलते म्हणून तिथे काप बारीक. ग्रामीण भारतात तळच्या पाच टक्क्यांचा दरडोई मासिक खर्च १,३७३ रुपये, वरच्या पाच टक्क्यांचा १०,५०१ रुपये, आणि सगळ्यांची सरासरी ३,७७३ रुपये. दहा सरळ दशमांश केले असते तर तळचे पाच टक्के त्यांच्या वरच्या पाचांत मिसळून गेले असते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी नमुना पाहणीच्या आकड्यांसाठी अशा गटांचा आलेख काढून तुलना करण्याची पद्धत १९६० साली मांडली. आपल्या देशातल्या आकडेशास्त्राची ही मोठी देणगी आहे आणि अकरावीच्या मुलांना ती सांगायलाच हवी.

१८. तालुक्यांचा रंगीत नकाशा करायचाय. समान गट करू की समान अंतर?

मराठवाड्यात ७६ तालुके आहेत, चार रंगांत १९-१९ सुबक बसतात आणि नकाशा छान दिसतो. धोका असा की रेघेच्या दोन बाजूंचे तालुके जवळजवळ सारखे असूनही रंग वेगळा दाखवतात, आणि वरच्या गटातला एकटा फार पुढचा तालुका इतर अठरांत लपतो. ‘कोणाचा क्रम कुठे’ दाखवायचं असेल तर समान गट, ‘किती फरक’ दाखवायचा असेल तर समान अंतर. आठ जिल्ह्यांचे मात्र गट करू नका, सरळ आठ आकडे लिहा.

१९. एक आकडा फारच वेगळा आलाय. काढून टाकू का?

आधी विचारा, मग ठरवा. संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांचा नियम सोपा आहे: तिसऱ्या चतुर्थकातून पहिला वजा करा, त्याची दीडपट तिसऱ्यात मिळवा आणि पहिल्यातून वजा करा. या कुंपणाबाहेरचा आकडा तपासायचा. प्रश्न १ मध्ये ८.५ − ४.५ = ४, दीडपट ६, वरचं कुंपण १४.५. सोळावाला बाहेर पडला. त्याच्या बांधावर जा. ठिबक असेल, टोकण केली असेल, नाहीतर एकराऐवजी दीड एकराचं उत्पन्न सांगितलं असेल. पहिल्या दोन कारणांसाठी त्याची नोंद सगळ्यांत मौल्यवान, तिसऱ्यासाठी ती दुरुस्त करायची. नियम फक्त कुठे बघायचं ते सांगतो.

२०. रोजच्या पावसाचे चतुर्थक काढले तर पहिले दोन शून्यच आले. गणित चुकलं का?

नाही. वर्षातले बहुतेक दिवस कोरडे असतात, रांगेचा अर्ध्याहून मोठा भाग शून्यांनीच भरतो. सारखे आकडे एवढे असले की समान गट पाडताच येत नाहीत. शून्याचा दिवस ‘पहिल्या’ गटात टाकायचा की ‘दुसऱ्या’, याला उत्तरच नसतं. काही संगणक प्रणाली अशा वेळी अडतात, काही गुपचूप गट कमी करतात. उपाय असा: कोरडे दिवस वेगळे मोजा, आणि चतुर्थक फक्त पावसाळी दिवसांचे काढा. हवामान खात्याच्या व्याख्येत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच पावसाळी दिवस.

२१. दोन गावांचे मध्यक आहेत. त्यांची सरासरी काढली की तालुक्याचा मध्यक मिळेल ना?

नाही मिळत. सरासऱ्या वजन देऊन एकत्र करता येतात, मध्यक आणि शतमक येत नाहीत. मूळ नोंदी एकत्र करून रांग पुन्हा लावावी लागते. नोंदी मिळत नसतील तर निदान वर्गांतरांची वारंवारता मागा, मग प्रश्न ४ च्या रीतीने अंदाज काढता येतो. दोन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी म्हणजे एकूण पर्सेंटाइल नव्हे, तेही याच कारणाने.

२२. सराव परीक्षेत खालच्या चतुर्थकातल्या मुलांचे जादा तास घेतले. पुढच्या परीक्षेत त्यांचे गुण वाढले. आमची पद्धत लागू पडली असं म्हणू का?

एवढ्यावरून म्हणता येणार नाही. खालच्या गटात दोन प्रकारची मुलं असतात: ज्यांना विषय खरंच जड जातो ती, आणि ज्यांचा तो दिवस वाईट गेला ती. दुसऱ्या प्रकारची मुलं काहीही न करता पुढच्या वेळी वर सरकतात. वरच्या चतुर्थकातली काही मुलं तशीच खाली येतात, आणि त्यांना मग ‘डोक्यात हवा गेली’ असं ऐकून घ्यावं लागतं. सरासरीकडे परतण्याची ही घटना फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिली. शतमक वापरात आणणारेही तेच.

जादा तासांचा परिणाम बघायचाच असेल तर खालच्या गटातली निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकून निवडा, त्यांना आधी तास द्या, उरलेल्यांना पुढच्या महिन्यात. दोन्ही निम्म्यांच्या गुणांतला फरक हा तासांचा परिणाम. गट करण्यासाठी एका परीक्षेऐवजी दोन-तीन परीक्षांची बेरीज घेतली तर वाईट दिवसाची मुलं आधीच गळतात. मुलं थोडी असतील, म्हणजे एका तुकडीत चाळीसेक, तर एका चाचणीच्या फरकावर विश्वास ठेवू नका. पुढच्या तुकडीवरही तेच करून बघा.